आधी डोळा वळतो

करंजाड्यात लॅमिनेशन करून घ्यायचं तर विजयमालाकडंच, हे कुणालाही विचारा. बाकीचे करत नाहीत असं नाही, पण एकाच्या कडा सुटतात, दुसऱ्याच्या पोटात हवा राहते, तिसरा आधार कार्ड तिरपं घालतो आणि वर दात काढून म्हणतो, 'ताई, चालतंय.' विजयमालाकडं चालत नाही. मशीन पुरतं तापल्याशिवाय ती कागद आत घालायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही थयथयाट करू दे. आणि बाहेर आलेला कागद लगेच हातात द्यायची पद्धतही तिच्याकडं नाही. काउंटरखाली काळ्या ग्रॅनाइटची एक लादी आहे, कुणाच्या तरी ओट्याचा उरलेला तुकडा. गरम कागद त्या लादीखाली अर्धा तास दाबून ठेवायचा, तेव्हा तो सरळ निघतो. देताना तिचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "आता पावसात भिजू दे, चहा सांडू दे, आत पाण्याचा थेंब जायचा नाही."

एवढी हातची पक्की बाई. आणि तिच्याच हातून असं व्हावं! नशीब म्हणायचं, दुसरं काय. पण नशिबावर ढकलून विजयमालाला झोप लागत नाही, म्हणून सगळं सांगायला हवं.

दुकानात काचेच्या दाराशी लाल प्लॅस्टिकची खुर्ची असते, आणि त्या खुर्चीत तिचा नवरा, बाबासो. वय एकसष्ट. मिशी अजून झोकात, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, पायात मोजे. लांबून बघितलं तर वाटावं दुकानाचा मालक उन्हाला बसलाय. जवळ गेल्यावर कळतं की त्याला दुकान कुणाचं हेच माहीत नाही. तीन वर्षं झाली. आधी चावी विसरायला लागला, मग घराचा मजला, मग जेवल्याचं. पनवेलच्या डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आजचा वार विचारला आणि विजयमालाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे वाढतच जाणार, ताई. कमी व्हायची आशा ठेवू नका." त्यानंतर वर्षभरात बायकोचं नावही गेलं. तो तिला 'मॅडम' म्हणायचा, कधी 'ओ बाई'. एकदा 'वहिनी' म्हणाला. दुकानात चार माणसं होती, विजयमालाही त्यांच्याबरोबर हसली. मग 'आलेच' म्हणून मागच्या मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

फक्त एक वेळ अशी होती की तो तिला ओळखायचा. रोज सकाळी अकराच्या सुमारास, एखादं मिनिट. त्याचं कारण म्हणजे थोरला.

आता हा थोरला कोण, ते समजायला तीस-बत्तीस वर्षं मागं जावं लागेल. बाबासो मूळचा कराडकडचा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाघ काढायचा. हात असा की वाघ बघून कुत्री भुंकायची, असं तो स्वतःच सांगायचा, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्या. पोट भरायला इकडं आला आणि तुर्भ्याला एका औद्योगिक गाळ्यात चिकटला. खाली पत्र्याचे डबे बनायचे, वरच्या मजल्यावर चाळीस माणसं काचेच्या टेबलांवर वाकून जपानी कार्टून काढायची. टेबलाच्या पोटात ट्यूबलाइट, वर काच, काचेवर कागद. जपानवरून पार्सल यायचं. त्यात मुख्य चित्रं असायची, म्हणजे पहिलं आणि शेवटचं. मधली चित्रं इथल्या पोरांनी भरायची, मग ती पारदर्शक प्लॅस्टिकवर शाईनं गिरवायची आणि उलट्या बाजूनं रंगवायची. उलट्या बाजूनं अशासाठी, की पुढून बघताना रेघ रंगाच्या वर दिसावी. गोष्ट काय आहे, तिचं नाव काय, कुठल्या देशात दिसणार, हे कुणीच कुणाला सांगत नव्हतं. पार्सलवर नुसते आकडे.

पण त्या पार्सलातून जे यायचं ना! लोखंडाचे वाडा-वाडाभर उंच योद्धे. आजकालच्या यंत्रमानवांसारखे चकचकीत नाहीत. जुन्या चिलखतासारखे, ठिकठिकाणी पोचे आलेले, खांद्यावर शेवाळ चढलेले. पाठीला भुंग्यासारखे पंख. छातीत एक दार, आणि त्या दारात बसून एखादी राजकन्या तो सगळा डोलारा चालवायची. मागं किल्ले, तलाव, धुक्यातली झाडं. त्यांतला सगळ्यांत मोठा, गंजलेला, एक हात तुटलेला योद्धा होता, त्याला गाळ्यातल्या पोरांनी नाव ठेवलं थोरला. त्याचं जपानी नाव काय होतं कुणास ठाऊक. लग्न होऊन आलेल्या विजयमालाला बाबासो रोज रात्री जेवताना थोरल्याची खबर सांगायचा. आज थोरला पडला. आज थोरला नदीत उभा राहिला. तिला वाटायचं, कंपनीतला कुणी थोरला भाऊबंद असेल. महिनाभरानं कळलं की कार्टून आहे, तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"आवं, चित्राची कसली काळजी करताय?"

"तसं नाय माले," तो म्हणायचा. "लोखंड हाय ते. लोखंडाला वजन असतं. माणूस मान झटकन वळवंल, थोरल्याला ते जमंल का? आधी डोळा वळतो. मग मान. मग खांदा. आन मधी एक जागा असती, तिथं तो जरा थांबतो. वळू का नको, असं वाटतं त्याला. ती जागा जपानवाल्यानं पाठवलेली नाय. ती मी घातली."

ज्या सात चित्रांत थोरला मान वळवतो, ती बाबासोनं काढली. राजकन्या त्याला सोडून निघालेली असते आणि तो मागं वळून बघतो. एवढंच. पण झालं काय, रंगवायला एक नवीन पोरगी आली होती, तिनं सातही चित्रांत थोरल्याच्या गळ्यातला पट्टा निळ्याऐवजी तांबडा रंगवला. सुपरवायझरनं लाल शाईनं लिहिलं 'रिटेक'. म्हणजे पुन्हा करा. वाया गेलेलं प्लॅस्टिक फेकायचं नाही, बादलीत धुऊन परत वापरायचं, असा गाळ्याचा नियम. पोरगी रडायला लागली. बाबासो मधे पडला. "नवीन हाय. होतं असं पयल्या पयल्यांदा. मालकांना मी सांगतो." तिला म्हणाला, जा, धुऊन आण. आणि ती बादली भरून आणेपर्यंत याचंच मन फिरलं. सात चित्रं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून त्यानं घरी आणली. नवीन सात काढून दिली, ती जपानला गेली. पण बाबासो शपथेवर सांगायचा, की पहिल्यासारखी जागा दुसऱ्यांदा जमली नाही.

विजयमाला त्याला चिडवायची, "कोण होती ओ ती पोरगी? नाव काय तिचं?"

"नाव इचारलं होतं. इसरलो बघ."

"बरे इसरता!"

पुढं संगणक आले आणि हातानं गिरवायचं काम बंद पडलं. गाळ्यात आता खोकी भरतात. बाबासो सोसायट्यांचे नंबर रंगवायला लागला, मग जिने, मग नुसता चुना. ती सात चित्रं तेवढी राहिली. मुलगी झाली, ज्ञानेश्वरी, तिला त्यानं कधी गोष्ट सांगितली नाही. मांडीवर घेऊन थोरला वळवून दाखवायचा. प्रत्येक दोन चित्रांच्या मधे एक कोरा कागद घालायचा, डाव्या हातात गठ्ठा धरायचा आणि उजव्या अंगठ्यानं कडा फर्रकन सोडायच्या. थोरला वळायचा. पोरगी म्हणायची, "पुन्हा." पुढं ती पोरगी या जुन्या जपानी हाती काढलेल्या कार्टूनांपायी वेडीच झाली. रबाळ्याला एका कंपनीत डब्यांवरची लेबलं डिझाइन करते, पण सुट्टीच्या दिवशी तेच. राक्षसी चिलखतं, किल्ले, पंख. विजयमाला म्हणायची, "अगं, लग्नाचं वय झालं आणि कार्टून काय बघतेस?"

"आई, तू बघ ना नीट. आता कॉम्प्युटरवर हजार पटीनं गुळगुळीत करतात. पण त्यात कुणी थांबत नाही. इथं बघ, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे रेघ जरा थरथरलीये. आप्पांचा हात आहे तो. कुणीतरी बसून विचार केलाय, की एवढं मोठं लोखंड दुःखी झालं तर कसं वळेल."

हे शेवटचं वाक्य विजयमालाला पटलं. कारण थोरला वळताना तिनंही बघितला होता. एवढं ते धूड, पण सासरी निघालेली पोर उंबऱ्यातून मागं बघते ना, तसं बघायचं.

तर हा थोरला बाबासोच्या डोक्यात सगळ्यांत खोल जाऊन बसला होता. गाव गेलं, पोरीचं नाव गेलं, थोरला राहिला. रोज अकराला काचेतून ऊन आत आलं की तो हात पुढं करायचा आणि म्हणायचा, "आण." विजयमाला हातातलं काम टाकून ड्रॉवरमधून सात चित्रं द्यायची, सहा कोरे कागद द्यायची. तो गठ्ठा जुळवायचा, ठोकून सारखा करायचा, अंगठा लावायचा. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. शर्टाचं बटण लावता न येणारा माणूस, अंगठा मात्र अचूक चालायचा. थोरला वळायचा. मग बाबासोचे डोळे वर यायचे, तिच्यावर थांबायचे, आणि तो म्हणायचा,

"माले, बघ. वळला."

झालं. एवढ्यासाठी विजयमाला चोवीस तास काढायची. त्याला न्हाऊ घालायची, भरवायची, ओली चादर बदलायची, 'ओ बाई' ऐकून घ्यायची. दुसऱ्या दिवशी अकराला ती पुन्हा माला व्हायची. एकदा झेरॉक्सला आलेल्या बाईनं विचारलं, "कसं करता हो तुम्ही?" तर म्हणाली, "मला रोज पगार मिळतो."

आणि एका सोमवारी तो मिळाला नाही.

त्या दिवशी बाबासोनं गठ्ठा सोडला, थोरला वळायला लागला आणि मधेच त्याचा अंगठा थांबला. अंगठ्याच्या टोकाला हिरवी टिकली चिकटली होती. पाचव्या चित्रातला थोरल्याचा डोळा. तीस वर्षांचा रंग, रोजची हाताळणी, खाडीकडची दमट हवा. सुटला. बाबासोनं ती टिकली बघितली, चित्र बघितलं. "डोळा कुठाय?" म्हणाला. विजयमाला पुढं झाली, "अहो, हा काय, तुमच्या बोटाला." तो तिच्याकडं बघत राहिला, अनोळखी बाईकडं बघतात तसा. मग गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि रस्त्याकडं तोंड केलं. 'माले' आलंच नाही. त्या दिवशी विजयमालानं दोन गिऱ्हाइकांना पाठपोट काढायच्या झेरॉक्स एकाच बाजूनं दिल्या.

संध्याकाळी ज्ञानेश्वरी कंपनीच्या बसमधून उतरून थेट दुकानात आली. तिनं चित्रं उन्हाच्या उरल्यासुरल्या उजेडात धरून बघितली. इतरही ठिकाणी रंगाला भेगा गेल्या होत्या.

"आई, आता हात लावू नका याला. मी असल्या चित्रांसाठीचे खास पाउच मागवलेत, आम्ल नसलेले. गुरुवारी कुरियर येईल. तोवर आप्पांना देऊ नकोस."

"गुरुवार? आज सोमवार हाय. त्यांनी मागितलं तर?"

"दोन दिवस काहीतरी सांग ना."

दोन दिवस. पोरीला काय जातंय बोलायला! तिला आप्पा 'ताई' म्हणतात, ती हसून 'हो दादा' म्हणते. तिच्या पुढं आयुष्य पडलंय. विजयमालाच्या पुढं फक्त रोजचे अकरा होते. आणि त्यातही पनवेलचा डॉक्टर म्हणाला होता, की जे एकदा तुटतं ते परत जोडलं जात नाही. दोन दिवस थोरला दिसला नाही आणि बाबासो त्यालाही विसरला तर? मग ती कुणाची माला?

मंगळवारी सकाळी बाबासोला चहा-बिस्किट देऊन खुर्चीत बसवलं, तेव्हा साडेनऊ झाले होते. उदयसिंह आला. भाड्यानं घरं मिळवून देणारा एजंट, रोजचं गिऱ्हाईक, जिभेला हाड नाही पण मनाचा बरा. त्याला कुणाचीतरी मार्कशीट लॅमिनेट करून हवी होती. काउंटरवर ती चित्रं आणि चिमट्यात धरलेला हिरवा डोळा बघून तो म्हणाला, "वहिनी, यात एवढं काय टेन्शन? सगळ्या गावाची लॅमिनेशन करता आणि घरचं उघडं ठेवता? डोळा जागेवर ठेवा, दाबून टाका. जन्मात हलणार नाही."

जन्मात हलणार नाही. तिच्या मनात रात्रीपासून तेच घोळत होतं, त्यानं फक्त बोलून दाखवलं. म्हणून त्याला दोष देऊन चालायचं नाही. आणि विजयमाला काही वेंधळी नव्हती. एटीएमची पावती मशीनमध्ये घातली की काळी पडते हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं आधी दुकानात पडलेला प्रोजेक्टरचा एक जुना पारदर्शक कागद घेतला, त्यावर स्केचपेननं फूल काढलं आणि पाउचमध्ये घालून मशीनमधून काढला. फूल जसंच्या तसं. प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक, तिला वाटलं. मग तिनं हात धुतले. देवाच्या फोटोला करतात तसं चित्रांना बोट लावून कपाळाला लावलं. पाचव्या चित्राच्या उलट्या बाजूला चिमट्यानं डोळा बरोबर खोबणीत बसवला, श्वास रोखून मोठा पाउच मिटला आणि मशीनच्या तोंडाशी धरला.

पलीकडून थोरला बाहेर आला तेव्हा इतका झळकत होता की तिला हसू फुटलं. तीस वर्षांचा मळका रंग काल लावल्यासारखा ओला, गर्द. डोळा जागच्या जागी. "बघा भाऊजी," ती उदयसिंहला म्हणाली, आणि तोही म्हणाला, "एक नंबर." मग तिनं भराभर उरलेली सहा काढली, गरम आहेत तोवर सातही एकावर एक ठेवून लादीखाली दाबली. नेहमीची पद्धत. अर्धा तास. गिऱ्हाइकं होती, तास झाला. त्या तासाभरात ती गुणगुणत होती, असं उदयसिंह पुढं सांगायचा.

अकराला ऊन आलं. "आण," बाबासो म्हणाला.

विजयमालानं लादी उचलली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. इथं मारुतीही झाला नव्हता. ते जुनं प्लॅस्टिक वेगळंच, उष्णतेनं आखडणारं. गरम होतं तोवर नितळ दिसलं आणि थंड होता होता पाउचच्या पोटात आवळत गेलं. प्रत्येक चित्रावर तापवलेल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या. शाईची रेघ तुटून तुकडे-तुकडे झालेली, रंग पघळून रेघेच्या बाहेर पळालेला. तांबडा पट्टा छातीवर उतरलेला. पाचव्या चित्रातला हिरवा डोळा दबून गालभर पसरलेला. सातांपैकी एकाही चित्रात थोरला ओळखू येत नव्हता. तिनं एक चित्र उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. नखानं कड उचकटायला गेली, पण कड सुटणार कशी, तिच्या हातचं लॅमिनेशन होतं.

"आण की," बाबासोनं हात तसाच धरला होता.

तिला वाटलं, लपवावं. नाही म्हणावं. पण तो हात बघून तिच्यानं राहवलं नाही, तिनं दिली. त्यानं गठ्ठा ठोकून सारखा केला. अंगठा लावला. जाड, ताठ पाउच, ते कसले फर्रकन सुटतायत! एवढी लॅमिनेशनं केलेल्या बाईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं, की थोरला टिकवायचा म्हणजे नुसता टिकवायचा नाही, तो हलायला पाहिजे. गठ्ठा त्याच्या हातातून निसटून फरशीवर पसरला. त्यानं एक उचललं, सवयीनं उलटून मागची बाजू बघितली, प्लॅस्टिकवर बोट फिरवलं. मग ते हळूच खाली ठेवून रस्त्याकडं बघत बसला. दुपारपर्यंत त्यानं तिला तीनदा विचारलं, "ओ बाई, थोरला आला नाय का अजून?"

तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मी मारला ओ त्याला."

ज्ञानेश्वरी आली, तिनं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काउंटरच्या कडेला टेकली आणि सातही चित्रं एकेक करून उलटत गेली.

"आई," शेवटी म्हणाली, "दोन दिवस."

"बोल, शिव्या दे मला. मी लायकीचीच हाय."

"मला नाही द्यायच्या." मग मात्र पोरगी तोंड दाबून रडली, आणि विजयमालाला तिच्या पाठीवरून हात फिरवायचंही धाडस झालं नाही. ज्या हातानं हे केलं तो हात कुठल्या तोंडानं पुढं करायचा?

पोरीच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता. गेल्या दिवाळीत तिनं काढलेला, आप्पांच्या हातात थोरला वळताना. बुधवारी सुट्टी काढून ती आप्पांपुढं बसली आणि तो लावला. पडद्यावर गठ्ठा सुटला, थोरला वळला. विजयमाला पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. बाबासोनं मोबाइल हातात घेतला, टक लावून बघितला, आणि रंग कसा लागलाय ते तपासायला उलटा केला. मागं कव्हर होतं, कव्हरवर मांजराचं चित्र. त्यानं मांजराकडं बघितलं, मोबाइल पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा. मग पोरीला परत दिला.

"हे आपलं काम नाय ताई," तो अदबीनं म्हणाला. "दुसऱ्या गाळ्यातलं आसंल."

गुरुवारी कुरियर आलं. विजयमालानं सही केली. आत सात पाउच होते, मऊ, आरपार, एका बाजूनं उघडे. त्यांना मशीन लागत नव्हतं. नुसतं सरकवायचं होतं. चित्र आत घालून अंगठ्यानं वळवताही आलं असतं, इतके पातळ. तिनं ते मोजले, पुन्हा खोक्यात घातले आणि खोकं वरच्या फळीवर, जुन्या रजिस्टरांच्या मागं ठेवून दिलं.

त्यानंतर आठवडाभर अकराचं ऊन नुसतंच यायचं. बाबासो 'आण' म्हणेनासा झाला. तिला तेच सगळ्यांत जास्त लागलं. मागत होता तोवर निदान थोरला त्याच्या डोक्यात जिवंत होता.

मग एका सकाळी ती कुणाच्या तरी भाडेकराराला पिना मारत असताना ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. बाबासो खुर्चीतून उठला होता. स्वतःहून उठून त्यानं ती सात चित्रं काढली होती आणि एकेक करून काचेवर, उन्हात धरून तपासत होता. पाठ सरळ, मान जरा तिरकी, एक डोळा बारीक. तुर्भ्याच्या गाळ्यात उभा राहायचा तसा. विजयमालाच्या हातातला स्टेपलर तसाच राहिला.

"रिटेक," तो म्हणाला. आवाज खणखणीत, तीस वर्षांपूर्वीचा. "सातीच्या साती रिटेक. कुणी केलं हे?"

तिनं स्टेपलर खाली ठेवला. ती काउंटरच्या मागून बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली. "मी केलं," ती म्हणाली. "माझ्याच हातनं झालं ओ. चुकले मी."

आधी त्याचे डोळे वळले. चित्रावरून सुटून तिच्या चेहऱ्यावर आले. मग मान वळली. मग तो जरा थांबला, वळू का नको असं वाटल्यासारखा, आणि मग खांदा वळून तो पुरता तिच्यासमोर झाला. तिला तो थांबा चांगला ठाऊक होता. ती वाट बघत राहिली. तिच्या ओठांनी तो शब्द त्याच्याआधीच धरला होता. म्हणा, ती मनात म्हणत होती. एकदा म्हणा, मग पुन्हा कधी नका म्हणू.

"रडू नको," बाबासो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत माया होती, खरी माया, परक्या लेकराबद्दल वाटावी तशी. "नवीन हायेस नव्हं? होतं असं पयल्या पयल्यांदा. मालकांना मी सांगतो. तू घाबरू नको." त्यानं सातही चित्रं तिच्या हातात दिली. "नाव काय तुझं?"

बाहेर कुणीतरी झेरॉक्ससाठी हाक मारत होतं.

"विजयमाला," ती म्हणाली.

"चांगलं नाव हाय. जा, धुऊन आण. पुन्हा काढू."

ती मोरीत गेली. बादली नळाखाली लावली, साबण घेतला आणि सात चित्रं एकेक करून धुवायला बसली. सुरकुतलेला चेहरा, पसरलेला डोळा, उतरलेला पट्टा, सगळ्यावरून हात फिरवून फिरवून धुतलं. पाणी वरच्या वर घरंगळून गेलं. आत एक थेंब गेला नाही. पदरानं पुसून तिनं सगळी कोरडी केली, बाहेर आणून त्याच्या हातात दिली.

बाबासोनं पहिलं चित्र उन्हात धरलं. बघितलं. त्याचे डोळे वळले, तिच्यावर येऊन थांबले.

"रिटेक," तो मऊपणानं म्हणाला. "नवीन हायेस का? नाव काय तुझं?"

तिनं नाव सांगितलं, चित्रं घेतली आणि पुन्हा नळाकडं गेली.